मुंगसाचं अनेकवचन

तंजावरात तेव्हा गल्लोगल्ली इंग्रजी शाळांचे बोर्ड लागत होते आणि पोरांना तिथे घालायला आईबाप जिवाचं रान करत होते. त्यांत आम्हीही. मुलगी चौथीत होती. घरी मी मराठीत विचारायचं आणि तिने तमिळमध्ये उत्तर द्यायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून मराठी शब्द निघेल तर शपथ! आपल्यानंतर या घरात मराठी कोण बोलणार, या विचाराने मी हैराण व्हायचो आणि तिच्यावरच खेकसायचो.

एकदा तिची इंग्रजीच्या टेस्टची वही सहीला आली. अनेकवचनं लिहायची होती. माउसचं माइस, ऑक्सचं ऑक्सन, गूसचं गीस, सगळं बरोबर. मंगूसपुढे मात्र इंग्रजी अक्षरांत 'मुंगसे', आणि त्यावर ही एवढी लाल फुली.

"हे काय लिहिलंस?"

"आपलंच की अप्पा हे," ती चक्क मराठीत म्हणाली. "एक मुंगूस, दोन मुंगसे."

तिला उचलून नाचावंसं वाटलं मला. मग शेजारची मिसची दुरुस्ती दिसली: 'मंगीस'. गूसचं गीस, म्हणे मंगूसचं मंगीस! मुंगसाचा आणि हंसाचा संबंध काय? माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातली जाडजूड डिक्शनरी बगलेत मारून मुलीबरोबर थेट तिच्या वर्गात गेलो. "हे बघा मिस, मंगूसेस. आणि शब्द मराठीतून आला, तेही छापलंय."

मिसनी पान दोनदा वाचलं. "सॉरी सार, चुकलंच माझं." त्यांनी मंगीस खोडून मंगूसेस लिहिलं. फुली तशीच ठेवली. "पण मुंगसे तरी कुठे बरोबर आहे, सार?"

बाई खरं बोलत होत्या. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझा पारा चढलेला. मराठी किती जुनी, किती थोर, हे मी भर वर्गात ऐकवत सुटलो. मागच्या बाकावरून कुणीतरी "मुंगसे, मुंगसे" असं ओरडलं आणि सगळा वर्ग हसला. मुलगी मान खाली घालून उभी होती.

संध्याकाळी ती परतली. मी काहीबाही विचारलं, तिने तमिळमध्ये उत्तर दिलं.

"मराठीत सांग की गं, कालच्यासारखं."

"नको अप्पा," ती तमिळमध्येच म्हणाली. "तुम्ही परत शाळेत याल."