कोपऱ्यात खुर्ची

मला एका जागी बसता येत नाही. शाळेत असताना मास्तर म्हणायचे, हिच्या बुडाखाली निखारा आहे. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा त्यांनाही बरंच वाटलं असेल. आता गुडघे गेलेत. खाली बसलं तर उठवत नाही, आणि खुर्चीवर बसलं की लगेच उठावंसं वाटतं. घरात मी सारखी या खोलीतून त्या खोलीत जाते. सून म्हणते, "आई, काही हरवलं का?" काही हरवलेलं नसतं.

तरी माझी हयात खुर्च्यांमध्ये गेली. जळगावला एमआयडीसीत प्लास्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना होता, तिथं मी मेहरूणहून पायी जायचे. मशीन उघडायचं, साच्यातून खुर्ची निघायची, भाकरीसारखी गरम. तिच्या कडेला प्लास्टिकची पातळ झालर राहिलेली असते. ती ब्लेडने छाटायची, हे आम्हा बायांचं काम. दिवसभर उभं राहून. तयार मालावर बसायचं नाही असा नियम होता. डबा आम्ही जमिनीवर बसून खायचो, आणि मागे भिंतीला खुर्च्यांच्या थप्प्या छपरापर्यंत.

लोकांना वाटतं खुर्ची बसण्यासाठी करतात. मालक सांगायचे, आधी थप्पी, मग बसणं. जी खुर्ची एकात एक जात नाही ती टेम्पोत मावत नाही, आणि जी टेम्पोत मावत नाही ती मंडपवाला घेत नाही. म्हणून पाय खाली फाकवायचे, म्हणजे वरची खुर्ची खालचीवर घोड्यावर बसल्यासारखी बसते. हातसुद्धा बाहेरच्या अंगाला कललेले. सीटच्या खाली आतून लहान लहान टेकू असतात. त्यांच्यावर वरच्या खुर्चीचा भार राहतो आणि दोघींत बोटभर फट राहते. ही फट फार महत्त्वाची. फट नसली तर खुर्च्या एकमेकींना धरून बसतात आणि चार माणसं ओढतात तरी सोडत नाहीत. गरम खुर्ची थप्पीत घातली तरी तेच होतं. ती निवायच्या आधी खालचीचा आकार धरते. सुपरवायझर ओरडायचा, "निवू द्या, बाई, निवू द्या." उभं राहून काहीतरी निवण्याची वाट बघणं हे मला त्या कारखान्यातलं सगळ्यात अवघड काम वाटायचं.

हातवाली खुर्ची थप्पीत जागा जास्त खाते. म्हणून मंडपवाले बिनहाताच्याच जास्त ठेवतात. म्हाताऱ्या माणसाला मात्र हातच लागतात. सीट कशी का असेना, उठताना दाबायला दोन्हीकडे काही पाहिजे.

यंदाच्या उन्हाळ्यात धुळ्याला माझे मेहुणे वारले. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. अग्नी दिला त्या दिवशी मी जाऊन आले होते. पुन्हा गेले ती दारावर बसायला. आमच्याकडे माणूस गेलं की गंधमुक्ती होऊन सुतक फिटेपर्यंत लोक त्या घरी येऊन बसतात, त्याला दारावर जाणं म्हणतात. काही बोलायचं नसतं. बसायचं, चहा घ्यायचा, उठायचं. मला ते कधीच जमलं नाही, पण अक्कासाठी गेले.

पारोळ्यापासूनच एसटीची खिडकी हाताला चटका देत होती. गल्लीत शिरले तर घरासमोर हिरवं कापड ताणलेलं, खाली खुर्च्यांच्या रांगा, आणि पुरुष बसलेले. कोणी मोबाईल बघतंय, कोणी कपाशीच्या बियाण्याचं बोलतंय. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आत बाया. आत खुर्ची नाही, सतरंजी. बाया एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, पंखा गरम वारा खाली ढकलतोय. असंच असतं आमच्याकडे. दुःखात पुरुष बाहेर खुर्चीवर आणि बाया आत जमिनीवर.

अक्का कोपऱ्यात होती. नवरा गेलेल्या बाईने कोपरा धरायचा, गंधमुक्तीपर्यंत तिथून हलायचं नाही. खाली गोधडी, भिंतीला पाठ, शेजारी तांब्या, त्यावर फुलपात्र पालथं. ती माझ्यापेक्षा मोठी, अंगाने जड, आणि गुडघे माझ्यापेक्षा वाईट. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मी तांब्या उचलून पाहिला. काठोकाठ भरलेला.

आम्ही घरात अहिराणी बोलतो. इथं मी पुस्तकातल्यासारखं लिहिते आहे, कारण लिहिताना तसाच हात वळतो. तिचं एखादं वाक्य मात्र तिचंच ठेवते.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"पानी पिनू का उठनं पडस," ती म्हणाली. पाणी प्यायलं की उठावं लागतं. "दोन बाया लागतात मला उठवायला. एक काखेत धरते, एक कमरेला. इतक्या लोकांत किती वेळा तमाशा करू?"

तिची सून मागून हळूच म्हणाली, "मावशी, सकाळी अर्धा कप चहा घेतला, तेवढाच. मागच्या वर्षी मुतखड्याने दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले होते, पाणी कमी पडलं तर पुन्हा यावं लागेल आणि या वेळी सोपं जाणार नाही."

"मग सांगत का नाही कोणाला?"

"कोणाला सांगू?" ती म्हणाली आणि दाराकडे बघितलं.

दाराजवळ मेहुण्यांची थोरली बहीण बसली होती. घरात सगळे तिला मोठ्या आत्या म्हणतात, मीही म्हणते. त्या घरात कोणी कुठं बसायचं, कधी रडायचं, चहा कोणाला आधी, सगळं त्यांच्याकडे. मी आल्यापासून त्यांनी एका पोरीला पलंगाच्या कडेवरून उठवलं होतं. "खाली बस. ज्याचं दुःख आहे त्याच्यापेक्षा वर बसू नये माणसानं." पोरगी बिचारी लाल होऊन सतरंजीवर घसरली.

मी उठले. म्हणजे भिंत, मग कपाट, मग सुनेचा खांदा, असं करत उठले. बाहेर गेले.

पुरुष हलले. "या मावशी, बसा."

"मला नको. आत पाहिजे एक. हातवाली."

मंडपवाला तिथंच उभा होता, तो खुर्च्या मोजल्यासारखा बघत राहिला. "आत बाया सतरंजीवर बसतात ना, मावशी."

"बसतात. म्हणून पाहिजे."

हातवाल्या सगळ्या पुढच्या रांगेत होत्या आणि त्यांच्यात गावचे आबा, नाना बसलेले. त्यांना उठवायला माझी जीभ रेटेना. भिंतीशी एक वेगळी पडलेली दिसली. जवळ गेले तर एक नव्हती, दोन होत्या, एकात एक.

"ती निघत नाही," मंडपवाला म्हणाला. "जोडी जमली तिची. आम्ही दोघांनी ओढली. उन्हात थप्पी राहिली होती."

मी खाली हात घालून पाहिलं. टेकूंची जागा सपाट होती. कुठल्या तरी बाईने झालर छाटता छाटता तेही छाटले असतील, नाहीतर साचाच झिजला असेल. मला त्याचं काही नव्हतं. दोन एकात एक म्हणजे जास्त मजबूत आणि जरा उंच. जड माणसाला मंडपात अशाच देतात. मी ती उचलून आत आणली.

मोठ्या आत्यांनी मला दारातच अडवलं. "हे काय?"

"खुर्ची."

"ते दिसतंय मला. कोणाला?"

"अक्काला. तिला उठता येत नाही म्हणून ती पाणी पीत नाही."

"कोपऱ्यातली बाई खुर्चीवर?" त्या बायांकडे वळून म्हणाल्या, "ऐका. जळगावकडे अशी पद्धत आली. उद्या पलंग आणील."

"आणला असता. दारातून येत नाही."

एक बाई हसली आणि तोंडावर पदर घेतला. आत्या हसल्या नाहीत. "माझा भाऊ गेलाय. लोक येतात, बघतात. त्याची बायको सिनेमाला बसल्यासारखी बसवायची का?"

मी अक्काकडे बघितलं. एवढं आणलं, आता ती तरी बोलेल. ती म्हणाली, "ने परत. लोक काय म्हणतील."

मला फार राग आला. आत्यांचा नाही, अक्काचा. मी खुर्ची दाराजवळ भिंतीला टेकवली आणि मोरीपर्यंत गेले, मोरीहून ओट्यापर्यंत, ओट्यावरून परत. चहाचे कप धुतले, धुतलेलेच पुन्हा धुतले. माझी चारची एसटी होती आणि मला तेव्हाच निघून जावंसं वाटत होतं. पण कोपऱ्यातला तो तांब्या तसाच भरलेला दिसायचा. दरवेळी आत डोकावलं की आधी तांब्याच दिसायचा. अक्का डोळे मिटून भिंतीला टेकली होती. ती झोपली आहे की ग्लानीत आहे ते मला कळेना. हाक मारली तर तिने एक डोळा उघडून पुन्हा मिटला.

दुपार कलताना गावाकडून जीप भरून बाया आल्या. दाराशी त्यांना सामोरं जायचं, गळ्यात पडायचं, हे मोठ्या आत्यांचं काम. त्या उठायला गेल्या आणि उठल्याच नाहीत. सकाळपासून बसून पाय मेला होता. दोघींनी धरलं, तिसरी मागून रेटत होती. आत्या अर्ध्या उठल्या, दम लागला, पुन्हा खाली येऊ लागल्या. खाली सतरंजीपर्यंत जाण्याआधी मागे ती खुर्ची होती. त्या तिच्यावर बसल्या. धपकन. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

"घटकाभर," आत्या म्हणाल्या. "पायात मुंग्या आल्यात."

आलेल्या बाया आत येऊन बसल्या, डोळे पुसले. आत्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, पाय लांब केले. घटका गेली. त्या उठल्या नाहीत. पाठीला टेका मिळाला की माणूस उठत नाही, मी एकटी सोडून.

जीपमधून आलेल्यांत एक अगदी म्हातारी होती, आत्यांपेक्षाही थोरली. तिला सकाळचं काही माहीत नव्हतं. ती आत्यांकडे वर बघत होती, मग कोपऱ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "का व माय, तू वर, आणि जिचा धनी गेला ती खाली? आपल्यात कधीपासून?"

सकाळची ती पोरगी, जिला पलंगावरून उठवलं होतं, नखं बघू लागली.

आत्यांनी उठायचा एक प्रयत्न केला. हातांवर जोर दिला, जरा वर आल्या, परत बसल्या. मी जवळच उभी होते. मी हात पुढे केला नाही. दुसरीही कोणी उठली नाही.

"बरोबर आहे," आत्या म्हणाल्या. आवाज तोच, हुकमाचा. "माझ्याकडून चूक नको. तिलाही वर घ्या. माझ्यापेक्षा वर घ्या." आणि माझ्याकडे बघून, "उभी काय आहेस? तूच नाचत होतीस ना सकाळपासून खुर्ची घेऊन?"

मी बाहेर गेले. आता जीभ रेटली. "आबा, उठा. नाना, तुम्ही पण. आणि ती पलीकडची द्या." हातवाल्या तीन घेतल्या. आत्या दोनांवर होत्या, मग अक्काला तीन. एकात एक घातल्या, हलवून पाहिल्या. यांच्यातले टेकू शाबूत होते, बोटभर फट सगळीकडे. मंडपवाला म्हणाला, "आत पद्धत बदलली का, मावशी?"

"नाही," मी म्हणाले. "तीच आहे. धर तिकडून."

थप्पी कोपऱ्यात ठेवली. अक्काला उठवायला दोघी लागल्या, ते शेवटचंच. ती बसली तर तिचे पाय जमिनीला पुरेनात, म्हणून खालची गोधडी घडी करून पायांखाली घातली. आत्यांनी लांबून नजरेने माप घेतलं. "आहे वर. ठीक."

अक्का माझ्याकडे बघत नव्हती. तिने हात तांब्याकडे केला. मी फुलपात्र भरून दिलं. ते संपलं. दुसरं भरलं, तेही संपलं. तिसरं ती सावकाश प्यायली आणि पदराने हनुवटी पुसली.

मग बाकी सगळ्या बसून राहिल्या. मी उभी राहिले. आलेल्या म्हातारीने मेहुण्यांच्या लग्नातली गोष्ट काढली, वरातीत बैल कसे बुजले आणि नवरदेव कसा नाल्यात उतरला. बाया रडता रडता हसल्या. अक्कासुद्धा जराशी. त्या गोष्टीच्या मध्येच तिने दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले, पुढे वाकली, दाबलं आणि उभी राहिली. एकटी. कोणाचाही हात न धरता. थोडी डुलली. मग भिंतीला बोटं लावत मोरीकडे गेली.

सगळ्या बाया म्हातारीकडे बघत होत्या, जणू बैल अजून बुजलेलेच आहेत. मोठ्या आत्याही तिकडेच बघत होत्या. मोरीचं दार लागलं, कडी वाजली.

ती परत आली, वळली, हात चाचपडून धरले आणि बसली.

"पानी दे आजून," मला म्हणाली.

मी तांब्या घेऊन माठाकडे गेले. चारची एसटी गेली होती. पाचचीला मी स्टँडवर उभी होते, बाकडं रिकामं होतं तरी.