सायांचं शेवटचं प्रकरण

फोन सायांच्या मुलीचा, खिनचा होता. "बाबा गेले. पहाटे, झोपेतच." मी नुसतीच "अगं..." म्हणत राहिले. आणि पहिला विचार काय आला सांगू? आमचं भांडण मिटवायचं राहून गेलं.

साया म्हणजे ब्रह्मी भाषेत गुरुजी. मार्क जाऊन युरो आला त्या वर्षी जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली. मी नागपूरची, इथे केमिकल कंपनीत. ते नर्स मुलीकडे राहायला आलेले निवृत्त शिक्षणाधिकारी. ब्रह्मदेशातल्या शाळांचा इतिहास लिहीत होते, इंग्रजीत, हाताने. टाइप करायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. विहारातल्या शाळेबद्दल काय रंगून सांगायचे! गावातली पोरं जमिनीवर एकत्र बसून मोठ्याने घोकताहेत, भन्ते डोळे मिटून ऐकताहेत, एक अक्षर चुकलं की डोळे उघडताहेत... माझ्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसवायचे, हे मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं.

पुस्तक अडलं ते त्यांच्या स्वतःच्या काळापाशी. लष्कराचं राज्य आलं, मिशनच्या शाळा सरकारजमा झाल्या, आणि प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढणाऱ्या समितीत हे तरुण साहेब होते. स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले! "खेड्यातली मुलं शहरातल्यांच्या बरोबरीला येतील, असं मनापासून वाटलं होतं गं मुली," म्हणायचे. पुढे त्याच मुलांचं कॉलेजातल्या इंग्रजी पुस्तकांपुढे अडायला लागलं. ते प्रकरण लिहायचं सोडून दर शनिवारी साया विहाराचंच प्रकरण पुन्हा दुरुस्त करून द्यायचे. शेवटी माझी जीभ सुटली. "अहो साया, इंग्रजांच्या चुका नावानिशी लिहिल्यात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून?" म्हण चक्क इंग्रजी करून ऐकवली. ते नुसतं "गेनाऊ" म्हणाले, जर्मनमध्ये 'अगदी बरोबर', आणि कोट घालून निघून गेले. पुढचे तीन शनिवार आले नाहीत. मीही हट्टी, फोन केला नाही. आता स्वतःचाच राग येतो.

ते गेल्यावर महिन्याभराने मी खिनकडे गेले. तिने एक कागद पुढे केला. शेवटचं प्रकरण, एकच पान, आणि ब्रह्मी भाषेत.

"इंग्रजीत का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना वाचता यावं म्हणून." मग ती जर्मनमध्ये समजावून सांगू लागली. पावसाळा सरला की त्यांच्याकडे विद्यार्थी गुरुजींपुढे गुडघे टेकून क्षमा मागतात. शरीराने, वाणीने, मनाने काही चुकलं असेल तर क्षमा असावी. गुरुजी आशीर्वाद देतात आणि मगच विद्यार्थी उठतात. "बाबांनी तीच क्षमा मागितलीय. पण गुरुजींनी, विद्यार्थ्यांकडे."

खाली नावं होती, त्यांना आठवली तेवढी. पहिलं नाव खिनचं. तीही त्याच शाळांत शिकलेली, इथे नर्सिंगची परीक्षा भाषेपायी तीनदा दिलेली. मला रडू आवरेना.

खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीकडे वळून खिन हलकेच काहीतरी म्हणाली. काय म्हणालीस, मी विचारलं.

"म्हटलं, बाबा, उठा आता."