पांढऱ्यांना दोन घरं

मनवेलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत माझ्याशिवाय कुणालाही बुद्धिबळ येत नाही, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. (हे मत माझ्याशिवाय कुणाचंही नव्हतं.) म्हणून जवळच्या गास गावच्या संघाशी तीन पटांचा सामना ठरला तेव्हा कप्तान मीच झालो. आदल्या दिवशी तिसरे खेळाडू सावंत काविळीने आडवे झाले आणि आयत्या वेळी मी बायकोला, सुषमाला, बसवलं. तिला खेळ मीच शिकवला होता. फक्त वेळ काढ, एवढंच बजावलं.

गासच्या चर्चच्या हॉलमध्ये मी बाराव्या चालीला मात खाल्ली. शेजारच्या पटावर आमचे कुलकर्णी जिंकले. आता विजेत्या संघाची ढाल कुणाची, ते सुषमाच्या काळ्या सोंगट्यांवर आलं. समोर घोन्साल्विस सर, कित्येक वर्षं न हरलेले!

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. सरांची प्यादी ऐटीत मधोमध येऊन बसलेली. हिने काय करावं? डावीकडचं प्यादं एक घर, उजवीकडचं एक घर, आणि दोन्ही उंट कडेच्या कोनाड्यांत! मध्ये नुसतं मोकळं रान. ही माझं नाक कापणार, म्हणून मी बाहेर जाऊन चहा घेतला. दोन घेतले.

परत आलो तर घाम सरांना फुटलेला. कडेचे ते दोन उंट तिरके रोखून बसले होते आणि सरांचं एक प्यादं हललं की दुसरं पडत होतं. बघता बघता मधली फळी गेली, मग हत्ती गेला. चौदा वर्षं जिच्या हातचं जेवतोय, तिच्याकडे मी आ वासून बघत राहिलो. सरांनी राजा आडवा केला आणि उठून हात जोडले.

"वहिनी, कडेनं असा बचाव मी फक्त पुस्तकात बघितला होता. एकही प्यादं दोन घरं नेलं नाहीत. मुद्दाम?"

सुषमा संकोचली. "मुद्दाम कसलं, सर. दोन घरं फक्त पांढऱ्यांनाच जाता येतं ना?"

"कुणी सांगितलं?"

"घरी पांढरी नेहमी हेच घेतात. यांचं जातं दोन घरं. मी एकदा नेलं, तर म्हणाले, मागे घे."

(म्हटलं होतं. त्या दिवशी ऑफिसातून चिडून आलो होतो.)

ढाल आता आमच्या जिन्यात लागली आहे. घरी हल्ली काळी मी घेतो. दोन घरं जायची परवानगी अजून मिळालेली नाही.