समासातलं ‘असू दे’

तिसऱ्या मजल्यावरच्या आत्याबाई टोळी चालवतात, ही बातमी एका शनिवारी सकाळी जिन्यावरून खाली उतरली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. दुसऱ्या मजल्यावरच्या विमेवाल्यांनी म्हणे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बंद दाराआडून आत्याबाईंचा खणखणीत आवाज येत होता: “आधी कुलूप काढावे. पूर्णविराम. आतले सर्व सुरक्षित जागी हलवावे. पूर्णविराम. काम पुरे होईपर्यंत, स्वल्पविराम, वीज तोडू नये. उद्गारचिन्ह.”

विमेवाले पाय न वाजवता घरी गेले आणि बायकोला म्हणाले, “अगं, वरती दरोड्याचा बेत शिजतोय. आणि स्वल्पविराम हा त्यांच्यातलाच कुणीतरी असावा. सारखी त्यालाच हाक मारत होती.”

त्याच दुपारी गणवेशातला एक माणूस आत्याबाईंचं दार ठोठावताना दिसला. मग काय विचारता! आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

खरी गोष्ट अशी की गणवेशवाला कुरिअरचा होता आणि नखाएवढं मेमरी कार्ड द्यायला आला होता. कुलूप होतं ते तळहातात मावणाऱ्या एका गेमच्या यंत्राचं. आणि टोळी म्हणाल तर माणसं दोनच, आत्या आणि तिचा धाकटा भाऊ. त्यातला एक तर तीन आठवडे तोंडातून शब्द काढत नव्हता.

आत्या एकतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासते आहे. औषधाच्या खोक्यात तो पातळ कागद असतो ना, एकदा उघडला की जन्मात परत त्याच घडीत न बसणारा, तो तिच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय छापला जात नाही. तिथे ‘दोन वेळा’चं ‘दोन वेळ’ झालं तर चालत नाही, आणि दशांशचिन्ह घसरलं तर माणूसच घसरतो. म्हणून ते काम जोडीनं करायचं असतं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, टिंबं-स्वल्पविरामांसकट, आणि दुसऱ्यानं प्रुफावर पट्टी सरकवत जायचं. “डोळा पुढे पळतो, कान पळत नाही,” हे तिचं वाक्य. घरी तिला जोडीदार नसायचा, त्यामुळे विजेचं बिलसुद्धा ती भिंतीला वाचून दाखवायची. हातात लाल पेन नसेल तेव्हा त्याचं काम तिच्या भुवया करायच्या.

धाकटा मात्र बोलण्यावरच जगलेला माणूस. मोटार चालवायला शिकवणारा. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादा ब्रेक, आणि तोंड अखंड चालू: “आरसा बघा, आरसा! स्वतःला नाही हो, मागच्या ट्रकला बघा!” मागच्या वर्षी त्याला झटका आला. पाय सावरले, पण उजवा हात लाकडासारखा झाला आणि शब्दांची आतल्या आत अदलाबदल झाली. चष्मा हवा असला की तो चमचा मागायचा. पंखा लावायचा असला की म्हणायचा, “ताई, पाखरू लाव ना.”

आणि ताई काय करायची? दुरुस्त करायची. “पंखा,” ती म्हणायची, अगदी मायेनं, आणि मगच उठून पंखा लावायची. “चष्मा. च-ष्मा.” तिला वाटायचं, चूक तिथल्या तिथे धरली की पुढच्या आवृत्तीत राहत नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याला एक रबरी चेंडू दिला होता, दाबायला. बाईंनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलंही होतं, “हाताला आणि जिभेला, दोघांना काम मिळालं पाहिजे. हे पुढचे दोन-तीन महिनेच काय ते हाती आहेत. नंतर जे राहील ते राहील.” धाकट्यानं चेंडू चार दिवस दाबला आणि पाचव्या दिवशी टेबलावर आपटला.

“मी काय कुलूप आहे का, चेंडूशी खेळायला?”

“कुत्रा,” आत्या म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चेंडू घरंगळत कपाटाखाली गेला, आणि त्या दिवसापासून त्याचं बोलणंही कपाटाखालीच गेलं. जेवायला बोलावलं तर “हं”. दुखतंय का विचारलं तर “हं”. त्या “हं”मध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच आत्याला सोसवेना.

कपाटाखालचा चेंडू काढताना खालच्या खणात तिला ते यंत्र सापडलं. धाकट्यानं पूर्वी हौसेनं घेतलेलं, दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या वेळात खेळायला. ते पाहून तिला लाँड्रीच्या दुकानातला कोपरा आठवला. ती नऊ वर्षांची, तो सहाचा, आणि कपडे धुऊन होईपर्यंत समोर उभं असलेलं ते कपाटाएवढं गेमचं मशीन. पुलावरून बकऱ्या पलीकडे न्यायच्या, मधे मधे फळ्या तुटलेल्या. दांडा आत्याच्या हातात, कारण ती मोठी. धाकट्याकडे एकच काम, उडीचं बटण, कारण खोक्यावर उभं राहून त्याचा हात तेवढाच पोचायचा. ती “आता!” म्हणायची आणि तो अख्ख्या अंगानिशी बटणावर पडायचा.

तो खेळ आता त्याच्या मूळ मालकानंच फुकट वाटायला काढला होता. पण कपाटाएवढ्या मशीनचा खेळ हातातल्या यंत्रावर चालायला मधे एक दुभाष्या लागतो, एम्युलेटर. दुभाष्याला घरात घ्यायचं तर कंपनीनं घातलेलं कुलूप काढून यंत्राच्या पोटात दुसरंच फर्मवेअर घालावं लागतं, म्हणजे यंत्राला जागं झाल्यावर काय करायचं ते सांगणारं मन. त्याचा आणखी एक फायदा होता, आणि आत्याचा खरा डोळा त्यावर होता. नव्या मनात बटणं हवी तशी बदलता येतात. मागच्या कडेचं, बोट वाकवून दाबायचं उडीचं बटण पुढच्या मोठ्या बटणावर आणता येतं. लाकडी अंगठ्यालाही जमेल असं.

खालच्या मजल्यावरच्या भाचीनं, मधल्या भावाच्या मुलीनं, हे ऐकलं तेव्हा ती हसून लोळायची बाकी राहिली. “आत्या, चुकलं तर यंत्राची वीट होते. कायमचं बंद पडतं.”

“ती वीट. स्त्रीलिंगी. बरोबर बोललीस,” आत्या म्हणाली आणि कामाला लागली. मदत घेईना. “तू घाईची आहेस. एक ओळ वाचतेस आणि तीन कल्पनेनं भरतेस.”

कुणा परोपकारी माणसानं इंटरनेटवर टाकलेली कृती तिनं छापून आणली, अकरा पानं, आणि अख्खी तीनदा वाचली, भिंतीला, मोठ्यानं. विमेवाल्यांच्या कानी पडलं ते हेच. लाल पेन अर्थातच हातात होतं, आणि त्या परोपकारी माणसाचं शुद्धलेखन अर्थातच दिव्य होतं. अकरा पानं रक्तबंबाळ झाली.

रविवारी सकाळी तिनं यंत्र पूर्ण चार्ज केलं. जुनं सगळं आधी दुसरीकडे उतरवून ठेवलं. नवं कार्ड साफ करून त्यावर फोल्डर टाकले, एकेकावर टिकमार्क करत. दोन बटणं एकदम दाबून धरली आणि यंत्र सुरू केलं. धाकटा खिडकीशी बसला होता, पाठमोरा. पण मान तिरकी होती.

पडदा काळा. एक मिनिट काळा. दहा मिनिटं काळा. फक्त कोपऱ्यातला हिरवा दिवा मिचमिचत होता.

आत्यानं बंद करून परत केलं. परत काळा. तिनं पट्टी लावून अकरा पानांतल्या सगळ्या पायऱ्या तपासल्या. सगळ्यांवर टिकमार्क. ती खुर्चीत बसली आणि कधी नव्हे ते तिच्या हातून पेन टेबलावर पडलं. भावाच्या आवडीची एकच वस्तू घरात उरली होती, आणि तिची तिनं वीट केली होती. या वेळी चूकही तिची आणि लाल पेनही तिचंच.

“हं?” खिडकीशी धाकटा वळला होता.

“बिघडलं रे. माझ्या हातून.”

तो उठून आला. यंत्राकडे पाहिलं. मग डाव्या हातानं हिरव्या दिव्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवलं. आत्याला कळलं. दिवा चालू आहे, म्हणजे आत जीव आहे. ते मेलेलं नाही, काहीतरी शोधतंय आणि त्याला ते सापडत नाहीये.

“जोडीनं वाचायचं का?” तिनं विचारलं. विचारताना तिचा आवाज एकदम नऊ वर्षांच्या मुलीसारखा झाला. “मला एकटीला डोळ्यांना दिसत नाहीये. तू मूळ वाच. मी कार्डावरचं बघते.”

मूळ म्हणजे संगणकावरची, तिचं लाल पेन न लागलेली यादी. धाकटा पुढ्यात बसला. एकेक अक्षर. कधी ‘बी’चं ‘डी’ व्हायचं, आत्या म्हणायची “बी”, तो मान हलवायचा, पुढे जायचा. चौथ्या फोल्डरला तो म्हणाला, “एम. ए. एन. ए. जी. आर.”

“जी, ई, आर,” आत्यानं दुरुस्त केलं. मॅनेजर. शाळेतलं पोरही सांगेल.

“जी. आर.”

“अरे, मधे ई. ई! नीट बघ.”

धाकट्यानं नीट बघितलं. मग लाकडी हात उचलला, सावकाश, आणि पडद्यावर टेकवला. “नाहीये,” तो म्हणाला. “ताई, ई नाहीये. मी... मी बरोबर आहे.”

तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य. आत्या खाली वाकली, चष्मा वर केला, आणि पाहिलं. खरंच नव्हता. लिहिणाऱ्यानंच तो पहिल्या दिवशी गाळला होता, आणि यंत्राला आतून सांगितलेलं नावही तेच, ई नसलेलं. यंत्र बिचारं त्या अशुद्ध नावाच्या फोल्डरला हाका मारत होतं. आणि तो फोल्डर आत्यानं शुद्ध करून ठेवला होता. कागदावर लाल पेनानं आणि मग, हात शिवशिवल्यामुळे, कार्डावरही. कुणाला न विचारता.

छापखान्यात नवी असताना तिच्या वरिष्ठांनी तिला पहिल्याच आठवड्यात दटावलं होतं: “बाई, मूळ प्रतीला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करा. आपण तपासणारे, लिहिणारे नव्हे.” आणि कुणी चुकून बरोबर शब्द खोडला तर त्याखाली टिंबांची ओळ द्यायची आणि समासात लिहायचं, ‘असू दे’. एकतीस वर्षांत तिच्यावर ते लिहायची वेळ दोनदा आली होती.

तिनं अकरा पानांतलं सातवं पान काढलं. आपला लाल ‘ई’ खोडला, मूळ नावाखाली टिंबं दिली, एक, दोन, तीन, आणि समासात लिहिलं, असू दे. पेन ठेवलं नाही. तिनं त्या दोन शब्दांकडे पाहिलं. मग भावाकडे.

“धाकट्या,” ती म्हणाली, “आत्तापर्यंत किती वेळा टोकलं मी तुला?”

त्यानं विचार केला. “हजार,” तो म्हणाला. मग हसला. झटक्यानंतर एकाच बाजूनं उमलणारं हसू. “लाख.”

नाव परत अशुद्ध केलं, बटणं दाबली, आणि पडदा उजळला. दुभाष्या घरात आला, बकऱ्या आल्या, पूल आला, तोच तो तुटक्या फळ्यांचा. उडी मोठ्या बटणावर आणून ठेवली. यंत्राची डावी बाजू आत्यानं धरली, उजवी धाकट्यानं. “आता!” ती म्हणाली. अंगठा निघाला, पण बकरी पडून गेल्यावर. पहिल्या अकरा बकऱ्या पाण्यात गेल्या. बारावी पलीकडे गेली, आणि त्या आरोळीनं विमेवाल्यांनी दाराला दुसरी कडी घातली.

तेवढ्यात भाची वर आली. आत्याचा आवाज काढून जिन्यात “स्वल्पविराम, स्वल्पविराम” करत येण्याची तिला सवय होती. टोळीची बातमी एवढी रंगली ती अर्ध्याहून जास्त तिच्या नकलेमुळेच. तिनं सगळं ऐकलं, सातवं पान पाहिलं, आणि म्हणाली, “असू दे म्हणे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. अर्धा तास काकानं बोलत खेळायचं आणि तू एक शब्द, एकच शब्द, दुरुस्त करायचा नाही. जमणार नाही. पैज!”

“हरलीस तर?”

“म्हणशील ते.”

“खाली पसरवलेलं सगळं तू स्वतः लिहून दुरुस्त करायचंस. शुद्ध.”

घड्याळ लावलं. पाच मिनिटांत धाकटा सुटला. तीन आठवड्यांचं तुंबलेलं होतं. “ताई, खिडकी! पुढे खिडकी आहे!” म्हणजे खड्डा. आत्याच्या भुवया वर गेल्या, ओठ विलग झाले, आणि ती म्हणाली, “दिसली. आता!” विसाव्या मिनिटाला एक बकरी नदीत पडली. धाकटा कळवळून ओरडला, “गेली, माझी बायको गेली पाण्यात!”

त्यानं लग्नच केलेलं नाही. भाची घड्याळाकडे बघत, श्वास धरून, एका शब्दाची वाट पाहत होती. आत्यानं ओठांवर आलेली ‘बकरी’ गिळून टाकली.

“जाऊ दे रे,” ती म्हणाली, “ही बघ, दुसरी येतेय.”

धाकटा हसता हसता इतका वाकला की उडी चुकली आणि दुसरीही गेली. अर्धा तास पुरा झाला. पाऊणही झाला. भाची घड्याळ खिशात घालून निमूट खाली गेली, कागद घेऊन बसली, आणि टोळीपासून सुरुवात केली. ही पैज हे लिहिणारी हरली.