पोळ्याला आलेला रोबोट

आमचे शेजारी पांढुर्ण्यात संत्र्यांची दलाली करतात. ढिगातलं एक संत्रं सोलून खाल्ल्याशिवाय भाव बोलत नाहीत. पण जपानच्या कुण्या दुकानदाराकडून मोबाइलवर जुनी खेळणी मागवतात, ती मात्र कधीच डब्ब्याबाहेर काढत नाहीत. "खोललं का किंमत गेली," असं दर वेळी सांगतात. बरं, विकतही नाहीत. मग ही किंमत जपायची कोणासाठी?

यंदा तान्ह्या पोळ्याला गल्लीतली लेकरं आपापले लाकडी बैल सजवून रांगेत उभी होती. रांगेच्या शेवटी हेही उभे. हातात बंद डब्बा, आत पत्र्याचा रोबोट, आणि डब्ब्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा.

"भाऊ, डब्बा खराब करून टाकला ना तुमी! आता किंमत?" मी विचारलं.

"गेली," ते म्हणाले. "पण यानं तिकडं पोळा कुठी पाह्यला असन?" आणि डब्ब्याची प्लॅस्टिकची खिडकी त्यांनी बैलांकडे वळवली.

बैल घेऊन आलेल्या लेकरांना खाऊ द्यायचा, तो बोजारा; मी त्याची चॉकलेटं वाटत होतो. एक त्या डब्ब्यावरही ठेवलं. कायले ठेवलं, ते अजून समजून नाही राहिलं.