तळ्यापलीकडची म्हातारी आणि सुमनबाई

रशीदभाईंचं पोस्टकार्ड दीड महिन्यापूर्वी राजुऱ्याला माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं. सुमनबाई सिंदेवाहीला वारल्या, कावीळ झाली होती, कळवायला उशीर झाला... एवढंच. तास संपायला वेळ होता. मी फळ्याकडे वळलो आणि खडू धरून तसाच उभा राहिलो.

आमची ओळख अहेरीची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे मास्तर होतो, सुमनबाई सरकारी दवाखान्यात नर्स, आणि रशीदभाईंचं बाजाराच्या रस्त्यावर शिवणकामाचं दुकान. तिघांना एकत्र आणलं ते पुण्याच्या एका भयकादंबरीकाराने. त्यांची नवी कादंबरी चंद्रपूरहून एस.टी.च्या ड्रायव्हरसोबत यायची, तिघांत फिरायची आणि रविवारी दुपारी दुकानात तिच्यावर वाद व्हायचा. रशीदभाईंची तक्रार, हा लेखक भूत फार उशिरा आणतो. माझी तक्रार, याच्या जंगलात भर उन्हाळ्यातही साग हिरवागार असतो. सुमनबाई दोघांनाही गप्प करायच्या. पान चुकलं असेल, माणूस चुकला नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर रोगी पाहणारी ही बाई एवढी भुतांत का रमते, असं मी एकदा विचारलं, तेव्हा हसून म्हणाल्या, “माह्या बाबानं छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव काढले, त्यासंगं भुतंबी गेले. आता भूत पाहाचं तर पुस्तकातच पाहा लागते, गुरुजी.”

‘तळ्यापलीकडची’ ही त्यांची लाडकी कादंबरी. गावात पोरं दगावतात, तळ्यापलीकडे एकट्या राहणाऱ्या म्हातारीवर आळ येतो. वाचताना अंगावर काटा येतो, पण शेवटी भूत कुठेच निघत नाही. तिला मारायला आलेलं गाव तिच्या दारातून मान खाली घालून परत जातं. या कादंबरीवर सिनेमा निघाला तेव्हा आम्ही तिघं एस.टी.ने चंद्रपूर गाठलं आणि दुपारचा खेळ पाहिला. मी खरं सांगतो, मला सिनेमा आवडला. संगीताने जीव घाबरा झाला. रशीदभाई तर खूश, कारण भूत पहिल्याच रिळात आलं होतं. सिनेमातली म्हातारी मात्र खरोखरच चेटकीण निघाली, आणि शेवटी गावाने तिला पेटवली तेव्हा थेटरात शिट्ट्या वाजल्या. बाहेर आल्यावर स्टँडवर सुमनबाई चहा हातात घेऊन म्हणाल्या, “पुस्तकात भेव गावाचं होतं. इथी त्या बाईलेच दात लावून देले.” मी म्हणालो, सिनेमा आहे, एवढं मनाला लावून घेऊ नका.

पुढच्या वर्षी तोच सिनेमा व्हिडिओवर आठवडी बाजारांतून फिरला. सिनेमामुळेच सारं झालं असं मी म्हणणार नाही, या गोष्टी आमच्याकडे त्याआधीही होत्या. पण अहेरीजवळच्या एका गावात तापाने दोन लेकरं गेली आणि लोक बिजाबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं नाव घेऊ लागले. सुमनबाईंना कळलं तसं त्या औषधांची पेटी घेऊन सायकलने तिथे गेल्या आणि थेट बिजाबाईच्या अंगणात बाज टाकून बसल्या. ज्याला गोळी पाहिजे, सुई पाहिजे, त्याने इथेच यावं. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. बाई तिथेच बिजाबाईच्या हातची भाकर खात, तिच्याच मडक्यातलं पाणी पीत, सगळ्यांना दिसेल अशा बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी एक आई तापलेलं पोर घेऊन कुंपणाशी आली आणि म्हणाली, “बाई, तुमी बाहेर येऊन पाहा ना.”

“मी तिचंच पाणी पिऊन राह्यली, माय. मले काई झालं काय? ये अंदर.”

ती आत आली. मग दुसरी आली. रांगेत बसलेल्यांना सुमनबाई आपल्या बोलीत गोष्ट सांगत, तळ्यापलीकडच्या म्हातारीची, पुस्तकातल्या शेवटासकट. त्या पोराच्या औषधाचं पाणी बिजाबाईनेच तापवलं होतं. पोर वाचलं. दवाखान्याबाहेर परस्पर काम केलं म्हणून साहेबांनी बाईंकडे खुलासा मागितला, तो त्यांनी दोन ओळींत दिला. बिजाबाई पुढे त्याच घरात राहिली आणि म्हातारपणाने गेली. लाडक्या लेखकालाही सुमनबाईंनी पत्र टाकलं होतं, शेवट तुमचा होता, तो दुसऱ्यांना बदलू का दिला म्हणून. उत्तर आलं नाही. पुस्तकं वाचणं मात्र त्यांनी सोडलं नाही.

मागच्या आठवड्यात रशीदभाई आणि मी सिंदेवाहीला, त्यांच्या शेवटच्या बदलीच्या गावी, क्वार्टरवर जाऊन आलो. त्यांच्या भावाने कादंबऱ्यांचं कपाट उघडून दिलं. पानांच्या कडेला बारीक पेन्सिलीने आकडे होते, ८८, ९६, कुठे तर ११०. मला काही समजेना. रशीदभाईंना समजलं. भीतीच्या प्रत्येक जागी बाईंनी आपली नाडी मोजून ठेवली होती. ‘तळ्यापलीकडची’च्या शेवटच्या प्रकरणाला आकडा नव्हता. तिथे फक्त लिहिलं होतं... ‘नाडी पाहाची राहून गेली.’

मी ते प्रकरण तिथेच भिंतीला टेकून परत वाचलं. रशीदभाई शेजारी बसून राहिले. त्यांनीही घाई केली नाही.