एकोणीस एके

एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक पाटी वाचायचे, बाई गाडीचा नंबर वाचायच्या. "चौतीसशे सतरा. सतरानं भाग जातो," म्हणायच्या आणि मगच चढायच्या. अहमदपूरच्या आमच्या शाळेत सगळे त्यांना गणितबाईच म्हणत. एखादा माणूस मनातून उतरला की त्यांचा शेरा ठरलेला असे, "समसंख्या हाय तो. कुणीबी दोन तुकडे करावेत."

मीही उतरलो होतो. मुख्याध्यापक माझे सासरे. त्यांनी बाईंचा दहावीचा गणिताचा वर्ग काढून मला दिला आणि बाईंना पाचवीची चित्रकला. मी नव्या वेळापत्रकावर सही केली. बाई एवढंच म्हणाल्या, "शिकवा जावईबापू. मी बघून राहिले."

मी उत्साहात व्हरांड्याच्या भिंतीवर मोठी संख्या रंगवून घेतली. सात एके, म्हणजे अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. खाली लिहिलं, 'मूळसंख्या'. शंभराच्या आतल्या सगळ्या मूळसंख्यांनी मी भागून पाहिलं होतं. खरं तर वर्गमूळापर्यंत, हजाराच्याही पुढे जायला हवं होतं. मी दमलो आणि थांबलो.

बाई रोज त्या भिंतीवरून जात. सासऱ्यांच्या निरोप समारंभात, भरल्या मांडवात, मी ती संख्या शाळेसारखीच अभंग असल्याचं सांगितलं, तेव्हा त्या उठल्या.

"सर, जरा दोनशे एकोणचाळीसनं भागा की."

फळ्यावर, सगळ्यांसमोर भागलं. चार हजार सहाशे एकोणपन्नास. बाकी शून्य. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सासरे हार काढून खाली बसले.

"बाई, कधीपासून माहीत होतं?" मी नंतर विचारलं.

"रंग वाळायच्या आधीपासून."

वर्ग मात्र त्यांना परत मिळाला नाही. निवृत्त होऊन नांदेडला लेकीकडे निघाल्या तेव्हा मी शाळेत त्यांची बॅग उचलायला गेलो. त्यांनी फळ्यावर एकोणीस एके लिहिले. "हे फोडून आणा, मग बोलू. मोबाइलला विचारायचं न्हाई."

मला वाटलं, हीच माफीची वाट. कित्येक वर्षं माझे रविवार त्यात गेले. घरात बायको वैतागली. शेवटी एका विद्यार्थ्यानं कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं, "सर, ही मूळसंख्याच आहे."

तसाच निघून नांदेड गाठलं आणि वाया गेलेल्या रविवारांसकट सगळं सांगितलं. बाई पोटभर हसल्या.

"वर्ग गेल्यावर माझे सगळेच दिवस रविवार झाले होते. कसं वाटतं ते तुम्हालाबी कळावं म्हटलं."

"आता तरी माफ केलं?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "च्या घ्या, थंड होऊन राहिला."

मागच्या वर्षी बाई गेल्या. रविवारी मी अजून कागद घेऊन बसतो, एकोणीस एके लिहितो आणि भागायला लागतो. फुटणार नाही, हे ठाऊक असतं. म्हणून तर बसतो.